पेलाभर पटकी

एरंडेलाचा चमचा, किराईताचा काढा, क्ष-किरण तपासणीआधी पाजला जाणारा बेरियमचा खडूसारखा पांढरा घोट, कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री कसेबसे संपवायचे ते लिटरभर द्रावण. आठवण काढली तरी तोंड वाकडे व्हावे अशी पेये प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतात. पण वैद्यकाच्या इतिहासातले सर्वांत किळसवाणे म्हणता येईल असे पेय ज्यांनी घेतले, त्यांना ते अगदी शुद्ध पाण्यासारखे लागले होते. वास नाही, कडवटपणा नाही. त्या पेल्यात कॉलऱ्याचे, म्हणजे आपल्याकडच्या पटकीचे, कोट्यवधी जिवंत जंतू होते. पिणारे गृहस्थ होते ७३ वर्षांचे मॅक्स फॉन पेटेनकोफर. युरोपातले सर्वांत मान्यवर आरोग्यशास्त्रज्ञ. आपल्याला काही होणार नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ही खात्री चुकीच्या पायावर उभी होती.

पेटेनकोफर यांचा जन्म ३ डिसेंबर १८१८ चा, बव्हेरियातल्या डॅन्यूब नदीकाठच्या दलदलीच्या प्रदेशातला. घर शेतकऱ्याचे, मुले पुष्कळ, उत्पन्न बेताचे. म्युनिकला त्यांचे काका राजदरबाराचे औषधनिर्माते होते. त्यांनी लहानग्या मॅक्सला शिकायला स्वतःकडे आणले. मुलगा हुशार होता, पण काकांशी त्याचे पटेना. एक दिवस भांडण विकोपाला गेले आणि मॅक्स घर सोडून नाटक कंपनीत दाखल झाला. आडनावाची दोन्ही टोके कापून त्याने ‘टेनकोफ’ हे नाव घेतले आणि तो रंगमंचावर उभा राहिला. नट म्हणून त्याला फारसे यश आले नाही. हेलेने नावाच्या चुलत बहिणीवर त्याचे प्रेम होते. तिने अट घातली, की नाटक सोडून पुन्हा शिकायला लागलास तरच लग्न. मॅक्स परतला आणि १८४३ साली डॉक्टर झाला. आरोग्यशास्त्र हा विषय विद्यापीठांत आणणारा माणूस असा एका मुलीच्या हट्टामुळे वैद्यकाला मिळाला.

डॉक्टर झाले तरी पेटेनकोफर यांना रुग्ण तपासण्यात रस नव्हता. त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. गिसेनला जाऊन ते युस्टुस लीबिग यांच्या हाताखाली काम करून आले. पित्तातली आम्ले ओळखण्याची त्यांची परीक्षा, म्हणजे साखर आणि तीव्र गंधकाम्ल घातल्यावर येणारा लालसर जांभळा रंग, जैवरसायनाच्या पुस्तकांत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काही काळ त्यांनी टांकसाळीत नोकरी केली आणि जुन्या चांदीच्या नाण्यांत प्लॅटिनम असल्याचे दाखवून दिले. लाकडापासून दिव्यांचा गॅस काढला. पुढे तर संग्रहालयातल्या धुरकटलेल्या तैलचित्रांचे वार्निश अल्कोहोलच्या वाफेने पुन्हा पारदर्शक करण्याची रीतही शोधली. काका वारल्यावर दरबारी औषधालय त्यांच्याकडे आले. तिथे लीबिग यांचा मांसाचा अर्क तयार होऊ लागला. सुमारे तीस किलो मांस आटवून जेमतेम एक किलो काळपट, दाट अर्क. तो गरम पाण्यात कालवून आजाऱ्यांना पाजत. तेही पेय फार आवडीने कुणी घेत असेल असे वाटत नाही.

त्यांचे खरे काम वेगळेच होते. माणूस आजारी का पडतो यापेक्षा शहर आजारी का पडते, हा प्रश्न त्यांना जास्त महत्त्वाचा वाटे. कोंदट खोलीतली हवा वाईट हे सगळ्यांनाच कळते, पण किती वाईट हे कसे मोजायचे? पेटेनकोफर यांनी खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि १८५८ साली मर्यादा सांगितली: हजार भागांत एक भाग. त्याहून जास्त झाला तर त्या खोलीत हवा पुरेशी खेळत नाही. कोविडच्या काळात शाळा-कार्यालयांच्या भिंतींवर लावलेल्या यंत्रांवर एक हजार पीपीएमचा जो आकडा दिसत होता, तो मुळात हाच. पुढे कार्ल फॉइट यांच्याबरोबर त्यांनी माणूस आत राहू शकेल एवढी हवाबंद खोली बांधली. त्यात राहणाऱ्याने काय खाल्ले, किती श्वास सोडला, शरीरात काय जळले, याचा हिशेब मांडला. आजच्या आहारशास्त्राचा मोठा भाग त्या खोलीतून बाहेर पडला आहे. १८६५ साली म्युनिकमध्ये आरोग्यशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि ते पेटेनकोफर यांना मिळाले.

१८७३ साली म्युनिकच्या नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी सांगितले, की लंडनमध्ये वर्षाला हजारी २२ माणसे मरतात आणि म्युनिकमध्ये ३३. मग या जादा मृत्यूंचा, त्यामागच्या आजारपणांचा, बुडालेल्या मजुरीचा आणि इस्पितळाच्या खर्चाचा हिशेब त्यांनी पैशांत मांडून दाखवला. दया-धर्माची भाषा न करता त्यांनी थेट व्यापाऱ्यांच्या खिशाला हात घातला. सार्वजनिक आरोग्यावर होणारा खर्च ही गुंतवणूक आहे, हे इतक्या स्वच्छ हिशेबाने त्याआधी क्वचितच कुणी मांडले असेल. शहराने ऐकले. भुयारी गटारे झाली, शहरभर विखुरलेली जनावरांची कत्तल एका सार्वजनिक कत्तलखान्यात आली, १८८३ पासून आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातले झऱ्याचे पाणी नळाने येऊ लागले. टायफॉइडसाठी बदनाम असलेल्या म्युनिकमध्ये टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने उतरले. जंतूंचा सिद्धांत न मानता जंतूंपासून एवढी माणसे वाचवणारा दुसरा कुणी दाखवणे कठीण आहे.

पण कॉलऱ्याच्या बाबतीत हाच माणूस आडमुठा निघाला.

१८५४ साली म्युनिकमध्ये काचेच्या भव्य महालात औद्योगिक प्रदर्शन भरले आणि त्याच उन्हाळ्यात शहरात कॉलरा शिरला. सुमारे तीन हजार माणसे दगावली. बव्हेरियाची माजी राणी तेरेसाही त्यातच गेली. पेटेनकोफर यांनी मृतांची घरे एकेक करून तपासली. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो हेच करत होते आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत पोचले होते. पेटेनकोफर यांना मात्र पाण्याचा धागा सापडला नाही. त्यांना दिसले ते एवढेच, की सखल आणि ओलसर, सच्छिद्र जमिनीवरच्या घरांत मृत्यू जास्त आणि उंचावर कमी. खोलगट जागी विहिरी आणि शौचकूप एकमेकांच्या जवळ असतात, घाण पाण्यात झिरपते, म्हणूनही हे दिसू शकते. त्यांनी मात्र दोष जमिनीला दिला.

यातून त्यांचे प्रसिद्ध समीकरण तयार झाले. ‘क्ष’ म्हणजे रोग्याबरोबर प्रवास करणारा जंतू, ‘य’ म्हणजे विशिष्ट जागी विशिष्ट काळी असणारी जमिनीची स्थिती, भूजलाची पातळी, तिच्यात कुजणारी घाण, आणि ‘ज्ञ’ म्हणजे त्या माणसाची रोग घेण्याची तयारी. तिन्ही जुळले तरच साथ. एकटा जंतू निरुपद्रवी. म्हणून विलगीकरण निरर्थक, जहाजे अडवून ठेवणे निरर्थक, पिण्याच्या पाण्यावर सगळे लक्ष देणे हीही भ्रामक समजूत. जमीन स्वच्छ करा, गटारे बांधा, साथ येणार नाही.

या सिद्धांताला हिंदुस्थानात उत्साही श्रोते मिळाले. टिमोथी लुईस आणि डेव्हिड डग्लस कनिंगहॅम हे दोन ब्रिटिश लष्करी डॉक्टर पटकीचा अभ्यास करायला कलकत्त्याला निघाले, तेव्हा वाटेत म्युनिकला थांबून पेटेनकोफर यांच्याकडून धडे घेऊन आले. हिंदुस्थानातल्या साथींच्या आकडेवारीवर पेटेनकोफर यांनी स्वतंत्र लिखाणही केले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर हिंदुस्थानातून निघालेली जहाजे काही आठवड्यांतच युरोपात पोचू लागली. ती विलगीकरणात अडकली असती तर व्यापाराचे नुकसान झाले असते. पटकी माणसाबरोबर किंवा पाण्याबरोबर येत नाही, स्थानिक जमिनीत पिकते, हे सांगणारा जगन्मान्य प्राध्यापक सरकारला हवाच होता. पंढरपूरसारख्या यात्रांत माणसे पटकीने पटापट मरत होती आणि कलकत्त्यातले सरकारी तज्ज्ञ भूजलाची पातळी मोजत होते. पेटेनकोफर यांनी हे मुद्दाम घडवले नाही, पण त्यांच्या नावाचा असा उपयोग झाला हे नाकारता येत नाही.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातच कॉलऱ्याचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू वेगळा केला. ज्या तळ्याचे पाणी लोक पीत होते त्या तळ्यातही तो सापडला. पुरावा भक्कम होता, पण त्यात एक खिंडार होते. हा जंतू प्राण्यांना देऊन माणसासारखा कॉलरा घडवता येत नव्हता. पेटेनकोफर यांनी नेमके त्यावर बोट ठेवले. जंतू आहे हे त्यांनी मान्य केले, तो पुरेसा आहे हे नाही. आठ वर्षे हा वाद धुमसत राहिला.

मग १८९२ चा ऑगस्ट उजाडला आणि हॅम्बर्गमध्ये कॉलऱ्याचा भडका उडाला. हॅम्बर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता नळाने पुरवत होते. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांवर पेटेनकोफर यांच्या विचारांचा पगडा होता आणि गाळण-यंत्रणेचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते. काही आठवड्यांत सुमारे १७ हजार लोक आजारी पडले आणि साडेआठ हजारांवर मेले. शेजारचे आल्टोना शहर त्याच नदीचे पाणी पीत होते, पण वाळूतून गाळून. तिथे साथ पसरली नाही. दोन शहरांच्या हद्दीवरच्या रस्त्यावर जमीन एक, हवा एक, भूजल एक. हॅम्बर्गचे पाणी पिणाऱ्या बाजूला कॉलरा आणि आल्टोनाचे पाणी पिणाऱ्या बाजूला जवळपास शुकशुकाट. पेटेनकोफर यांच्या ‘य’ला निसर्गाने दिलेले इतके स्वच्छ उत्तर त्यांनी मानायला हवे होते. त्यांनी मानले नाही. देशभर कॉख यांच्या मताप्रमाणे कडक नियम होऊ घातले होते आणि ते थांबवण्यासाठी शेवटचा पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचे शरीर पुढे केले.

जंतू त्यांनी गेऑर्ग गाफकी यांच्याकडून मागवले. गाफकी हे कॉख यांचे सहकारी, त्यांच्याबरोबर कलकत्त्याला गेलेले. म्हातारबुवांचा बेत ओळखून गाफकींनी मुद्दाम दुबळे जंतू पाठवले, असे सांगितले जाते. ७ ऑक्टोबरला सकाळी, साक्षीदारांसमोर, पेटेनकोफर यांनी शंभर घन सेंटिमीटर पाण्यात एक ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला आणि त्यात जंतू वाढवलेल्या मांसरसाचा एक घन सेंटिमीटर मिसळला. सोडा कशासाठी? जठरातल्या आम्लाने जंतू मरतात आणि मग विरोधक म्हणतील की प्रयोग खोटा होता. ती पळवाट त्यांनी आधीच बंद केली. पेला रिकामा केला, थोडे पाणी घालून विसळला आणि तेही पाणी पिऊन टाकले. इतका नेटका प्रयोग आखणाऱ्या माणसाने त्याचा अर्थ इतका एकांगी लावावा, याचे आजही आश्चर्य वाटते.

दोन-तीन दिवसांनी पोटात गुरगुर सुरू झाली, पातळ जुलाब झाले. त्यांनी औषध घेतले नाही, रोजचे खाणे-पिणे बदलले नाही. आठवड्याभरात सगळे आपोआप थांबले. शौचात कॉलऱ्याचे जंतू मात्र मुबलक सापडत होते. पेटेनकोफर यांनी जाहीर केले, की जंतू पोटात वाढले पण कॉलरा झाला नाही, कारण म्युनिकच्या जमिनीत सध्या ‘य’ नाही.

दहा दिवसांनी त्यांचे सहायक रुडॉल्फ एमेरिश यांनी तसाच पेला घेतला. त्यांचे जुलाब बरेच जोरात झाले, अफू देऊन ते थांबवावे लागले. इथे एक गोष्ट खटकते. सत्तरी ओलांडलेल्या गुरूने स्वतःच्या जिवाशी खेळणे वेगळे आणि ज्याची नोकरी त्या गुरूवर अवलंबून आहे अशा शिष्याने तोच पेला उचलणे वेगळे. आज कोणतीही नैतिकता समिती दुसऱ्या पेल्याला परवानगी देणार नाही. पॅरिसमध्ये इल्या मेचनिकॉफ यांनीही त्याच सुमारास जंतू पिऊन पाहिले. त्यांना काही झाले नाही, पण त्यांच्या प्रयोगातला एक स्वयंसेवक मरता मरता वाचला. त्याच १८९२ च्या जुलैत, त्याच पॅरिसमध्ये, वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेतली होती. पुढे मुंबईत प्लेगच्या लशीसाठी ज्यांचे नाव झाले आणि परळच्या संस्थेला ज्यांचे नाव लाभले, तेच हे हाफकिन.

पेटेनकोफर वाचले कसे? खरे तर आजच्या व्याख्येनुसार त्यांना कॉलरा झालाच होता, सौम्य स्वरूपाचा. कॉलऱ्याचा जंतू पोटात गेलेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणे दिसत नाहीत किंवा साधे जुलाब होतात. भाताच्या पेजेसारखे जुलाब होऊन काही तासांत डोळे खोल जाणारा, नाडी हरवणारा रोगी हा त्यांतला थोडका भाग. पण हे थोडके रोगी उपचाराविना राहिले तर त्यांतले निम्म्यापर्यंत दगावू शकतात. कोण त्या थोडक्यांत जाणार हे अनेक गोष्टींवर ठरते. किती जंतू गेले, जठरातले आम्ल किती, पूर्वी हा रोग होऊन गेला आहे का, इतकेच काय, रक्तगट कोणता. ‘ओ’ रक्तगटाच्या लोकांना कॉलरा जास्त तीव्र होतो. पेटेनकोफर यांना म्युनिकच्या एका साथीत हा रोग आधीच होऊन गेला होता. त्या जुन्या प्रतिकारशक्तीने त्यांना हात दिला असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणजे समीकरणातला ‘ज्ञ’, माणसाची तयारी, हा भाग बराचसा खरा होता. परिस्थितीचा विचार करायला हवा हेही खरे होते. चूक होती ती ‘य’ला जमिनीत कोंडण्यात आणि पाण्याला निर्दोष ठरवण्यात. दुसरी चूक एका माणसाच्या, तीही स्वतःच्या, अनुभवावरून निकाल लावण्याची. एक म्हातारा जंतू पिऊन जगला याने फक्त एवढेच कळते, की जंतू पिणारा प्रत्येक जण मरत नाही. हॅम्बर्गचे साडेआठ हजार मृत्यू दुसऱ्या पारड्यात होते.

कॉख यांच्या पुराव्यातले खिंडार मात्र खरेच होते आणि ते बुजायला १९५९ साल उजाडले. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला आणि आतडे पाण्याने फुगलेले दाखवले. जंतू आतड्याला खात नाही, तो विष सोडतो आणि त्या विषाने आतडे शरीरातले पाणी-मीठ बाहेर ओतते. पुढे कळले, की या विषाची जनुके एका विषाणूने जंतूत आणून ठेवलेली असतात. म्हणजे कॉलऱ्याचा दिसणारा प्रत्येक जंतू विषारी असतोच असे नाही. पेटेनकोफर यांच्या पेल्यातले जंतू किती विषारी होते, हे त्या काळात कुणाला मोजता येण्यासारखेच नव्हते.

सोड्याचा त्यांचा अंदाज मात्र पुढे शब्दशः खरा ठरला. १९७० च्या आसपास अमेरिकेत स्वयंसेवकांवर रीतसर देखरेखीखाली प्रयोग झाले. सोड्याशिवाय रोग होण्यासाठी कोट्यवधी जंतू लागतात आणि सोडा घेतला की काही हजार ते लाख पुरतात, असे त्यांत दिसले. त्यामुळे पेटेनकोफर यांचा पेला वाटला होता त्याहूनही घातक होता. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली कॉलऱ्याची एक तोंडावाटे घ्यायची लस शंभर मिलिलिटर पाण्यात सोड्याची पूड मिसळून, त्यात दुबळे केलेले जिवंत जंतू घालून पितात. प्रमाण ऐकले की १८९२ सालची ती सकाळ आठवल्याशिवाय राहत नाही.

प्रयोगानंतर जर्मनीतले मत बदलले नाही. हॅम्बर्गने १८९३ मध्ये पाण्याची गाळण-यंत्रणा सुरू केली, कॉख यांच्या शिफारशी पुढे कायद्यात आल्या आणि पेटेनकोफर प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. मान-सन्मानांना तोटा नव्हता. सरदारकी मिळाली होती, बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद होते. पण हेलेने १८९० साली गेल्या होत्या, मुलांपैकीही काही जण आधीच गेले होते. एकटेपणा होता, घशाचे दुखणे जात नव्हते आणि मन खचले होते. १० फेब्रुवारी १९०१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. म्हातारपणातल्या नैराश्याला आजार मानून त्यावर उपचार करण्याची सोय त्या काळी नव्हती. आज आहे.

म्युनिकला आजही बहुतांश पाणी मांगफाल खोऱ्यातूनच येते. पेटेनकोफर यांचे नाव तिथल्या एका रस्त्याला आहे आणि त्याच रस्त्यावरच्या विद्यापीठाच्या संस्थेलाही. त्या संस्थेत आता आरोग्यशास्त्राबरोबर जंतुशास्त्र शिकवले जाते.